युरो इचलकरंजीला येत नाहीत

उद्योगाचे प्रश्न : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

दिवाळीनंतर आलेली पत्रं लावायला बसले, तर एकाच विषयाचा गठ्ठा निघाला. परदेशी सरकारं छोट्या उद्योगांना पर्यावरणाच्या संशोधनासाठी पैसे देतात म्हणे, ते आपल्याला कसे मिळवायचे? त्यातली चार पत्रं इथे घेतेय. गाव छापा, नाव नको, असं चौघांचंही म्हणणं आहे.

प्रश्न : ताई, नमस्कार. वडिलांची सायझिंग (सुताला खळ लावायचा कारखाना) होती, ती बंद करून मी कापड रंगवणाऱ्या प्रोसेसवाल्यांना केमिकल पुरवतो. चार वर्षं खटपट करून साखर कारखान्यातल्या बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या, राखेपासून एक भुकटी बनवली आहे. रंगाईच्या सांडपाण्यात टाकली की ती रंग धरून खाली बसते. नमुना एसटी पार्सलने पाठवतोय. एका जर्मन डाय कंपनीचा माणूस गावात आला होता. तो म्हणाला, आमचं सरकार अशा कामाला युरोत पैसे देतं, दोघं मिळून अर्ज करू. हे युरो माझ्या खात्यात कसे येतील? परदेशी देणग्यांसाठीची एफसीआरए नोंदणी लागेल का? पेढी माझ्या एकट्याच्या मालकीची आहे. (इचलकरंजी)

उत्तर : तुमच्या दोन्ही बाटल्या न सांडता पोचल्या, याबद्दल एसटीचं कौतुक. एकीत बिटाच्या रसासारखं पाणी, दुसरीत फिका चहा. पुडीतली भुकटी मी स्वतः टाकून पाहिली. एक जुना काचेचा ग्लास, ढवळायला आइस्क्रीमची काडी, घड्याळ लावून बसायला नातू. बाराव्या मिनिटाला लाली तळाशी गेली. नातवाने टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. कारण मग मी वरचं निवळलेलं पाणी चमचाभर एका मोडीतल्या स्टीलच्या ताटलीत घेतलं आणि गॅसवर मंद आचेवर आटवलं. ताटलीत पांढरं कडं उरलं. बोटाने खरवडलं तर निघेल इतकं जाड.

ते कसलं, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. सुती कापडाला रिअॅक्टिव्ह रंग चढवायचा तर मीठ ओतावं लागतं. रंग तुमच्या राखेने धरला, मीठ पाण्यातच राहिलं. त्याचं पुढे काय, हा प्रश्न अर्ज तपासणारा पहिल्या पाच मिनिटांत विचारतो. त्या प्रश्नाकडे मी पुन्हा येते.

आधी पैशांचं. युरो इचलकरंजीला येत नाहीत. अशा जवळजवळ सगळ्या दोन-सरकारी योजनांचं गणित एकच असतं : अर्ज दोघांचा, काम दोघांचं, पण पैसे ज्याने त्याने आपापल्या सरकारकडून घ्यायचे. जर्मन भागीदाराला जर्मनी देणार, तुम्हाला भारत सरकार देणार, तेही रुपयांत. त्यामुळे एफसीआरएचा प्रश्नच उरत नाही. तो माणूस खोटं बोलला असं नाही. त्याच्या बाजूने पाहिलं तर ते खरंच आहे.

तुम्हाला लागू पडेल अशी योजना म्हणजे इंडो-जर्मन सायन्स अँड टेक्नॉलॉजी सेंटरची 'टू प्लस टू'. आपलं विज्ञान आणि तंत्रज्ञान खातं आणि जर्मनीचं संशोधन मंत्रालय यांनी 2010 मध्ये हे केंद्र काढलं, कचेरी गुरुग्रामला आहे. नावातच अट आहे : भारतातली एक कंपनी नि एक संशोधन संस्था, जर्मनीतली एक कंपनी नि एक संशोधन संस्था. म्हणजे तुम्ही दोघं भेटलात, तरी चौकडीतले दोघेच जमले. तुमच्या बाजूची संस्था शोधायला लांब जायला नको, गावात डीकेटीई हे वस्त्रोद्योगाचं कॉलेज आहे, पुण्यात एनसीएल ही रसायनांची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. त्यांच्याकडची संस्था त्यांनी आणावी. आणि तो जर्मन माणूस विक्री खात्याचा आहे की संशोधन खात्याचा, हे आजच विचारून घ्या. विक्रीवाल्याचा उत्साह परतीच्या विमानात बसेपर्यंत टिकतो, हा माझा अनुभव. त्याच्या कंपनीने स्वतःचे इंजिनिअर आणि स्वतःचा पैसा कामाला लावला पाहिजे. नुसतं 'आम्हाला यात रस आहे' असं पत्र देऊन भागत नाही.

स्वतःचा पैसा तुम्हालाही लावायचा आहे. उद्योगाच्या वाट्याच्या खर्चातला साधारण अर्धा भाग सरकार उचलतं, उरलेला आपला. पन्नास लाखांचं काम असेल तर पंचवीस लाख कुठून आणणार, ते अर्जातच दाखवावं लागतं. आणि सरकारचे पंचवीसही एकदम पडत नाहीत, हप्त्याहप्त्याने येतात. पहिल्या हप्त्याचा हिशेब, पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचं सीएचं युटिलायझेशन सर्टिफिकेट, प्रगतीचा अहवाल, एवढं गेलं की दुसरा. मधले महिने कामगारांचा पगार कोण देतं? आपणच.

इथे माझीच गोष्ट सांगते. भोसरीत आमचा छोटा कारखाना होता, मी आणि यजमान, अकरा कामगार. सांडपाण्याचा गाळ कमी उष्णतेवर सुकवायचं यंत्र आम्ही एका युरोपीय कंपनीबरोबर विकसित करत होतो, अशाच एका योजनेतून. कुठली ते नका विचारू. ड्रम आमचा, कंट्रोल त्यांचा. मंजुरी दोघांना मिळाली. पण त्यांचं हिशेबाचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिल ते मार्च. त्यांचे चोवीस महिने जानेवारीपासून मोजायला सुरुवात झाली. आमचं मंजुरीपत्र एका सहीसाठी अडकलं आणि सप्टेंबरात हातात पडलं, म्हणून आमचे चोवीस महिने सप्टेंबरपासून. मग पहिल्या वर्षाचं सर्टिफिकेट आम्ही त्यांच्या वर्षाप्रमाणे केलं. ते परत आलं. आपल्या वर्षाप्रमाणे करून पाठवलं, त्यात तीन महिने गेले. ड्रम चाचणीला उभा राहिला, तोवर तिकडचा प्रकल्प कागदोपत्री संपला होता. त्यांचा इंजिनिअर भला माणूस, पण त्याला या कामावर तास लिहायची परवानगी उरली नव्हती. मग त्याने शनिवारी, स्वतःच्या घरून, सकाळच्या कॉफीवर आमची चाचणी पाहिली. आमच्या फिटरने मोबाइल सुतळीने ड्रमच्या चौकटीला बांधला होता. ड्रम फिरला की चौकट थरथरायची, आणि तिकडून तो ओरडायचा, "आय कान्ट सी! आय कान्ट सी!"

यंत्र चाललं, पण बाजारात यायला दोन वर्षं उशीर झाला, आणि तोवर दुसऱ्याने तसलंच यंत्र आणलं होतं.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, भागीदारी-करारात एक ओळ घाला : दोन्ही सरकारांची मंजुरीपत्रं हातात आल्याशिवाय कोणीही काम सुरू झाल्याचं कळवायचं नाही, आणि दोघांची सुरुवातीची तारीख एकच. सुरुवातीची तारीख पुढे ढकलून मिळते, मागितली तर. आम्ही मागितलीच नाही, कारण 'आपल्यामुळे उशीर' हे सांगायची लाज वाटली.

आता राख. बगॅसच्या राखेत रंग शोषला जातो हे संशोधकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे, त्यावर ढिगाने निबंध आहेत. त्यामुळे 'राखेपासून रंग शोषक' असं अर्जाचं शीर्षक दिलंत तर तो पहिल्याच चाळणीत गळेल. तुमच्या पत्राच्या तिसऱ्या पानावर, जाताजाता, एक वाक्य आहे : वापरलेली भुकटी भट्टीत फिरवून तुम्ही सहा वेळा परत वापरता. अहो, तेच तर तुमचं नवं काम आहे! ते पहिल्या पानावर आणा. किती तापमानाला, किती वेळ, सहाव्या फेरीला किती रंग धरला, प्रत्येक फेरीचे आकडे हवेत. शेवटी जी राख उरते ती घातक कचऱ्यात मोडते का, हे 2016 च्या नियमांना धरून प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी विचारा. तोंडी उत्तर घेऊन घरी येऊ नका.

आणि मिठाबद्दल प्रामाणिकपणे लिहा : आमची भुकटी मीठ काढत नाही, पण रंग आधी निघाल्यामुळे पुढच्या, मीठ गाळणाऱ्या आरओच्या पडद्यावर भार कमी येतो, असा आमचा अंदाज आहे आणि तो तपासण्यासाठीच हा प्रकल्प. आता जर्मन बाजूला करायला खरं काम मिळालं. पडदे त्यांनी तपासावेत, राख तुम्ही. दोन देश कशाला हवेत, याचं उत्तरही त्यातच आलं. ते उत्तर नसेल तर तपासणारे सरळ विचारतात, तुमचं काम इचलकरंजीतच होतंय, मग जर्मनी कशाला?

पेटंटचं तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते. जर्मन माणसाला भट्टीची रीत दाखवण्याआधी पेटंटचा प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज टाका. छोट्या उद्योगाला आणि एकट्या माणसाला ऑनलाइन फी 1,600 रुपये आहे. त्यानंतर पूर्ण अर्जासाठी बारा महिने मिळतात. भारतात राहणाऱ्याने लावलेल्या शोधाचा अर्ज परवानगीशिवाय थेट परदेशात टाकता येत नाही. आधी इथे टाकून सहा आठवडे थांबायचं, नाहीतर पेटंट कार्यालयाची परवानगी घ्यायची. भागीदाराला घाई असते, आणि 'आम्ही म्युनिकच्या पेटंट कार्यालयात टाकतो, तुमचं नाव घालतो' असं तो गोड बोलून जातो. हो म्हणू नका.

मालकीची पेढी अशा योजनांत सहसा चालत नाही. प्रायव्हेट लिमिटेड किंवा एलएलपी करा, आणि योजनेची जाहिरात निघायच्या आधी करा, नंतर धावपळ होते. पार्सलसोबत गूळही पाठवलात, त्याबद्दल वेगळं पत्र यजमान लिहिणार आहेत.

प्रश्न : मावशी, मला तूच म्हणा. मी हॉलंडमध्ये, आइंडहोवनला असते. मैत्रिणीबरोबर इथे चार जणांची कंपनी काढली आहे. फळं वाळवण्याच्या यंत्राचे सेन्सर आणि नियंत्रण आम्ही बनवतो, म्हणजे वीज निम्मी लागते. माझा भाऊ तासगावला बेदाण्याचं शेड चालवतो. आम्ही युरोस्टार्ससाठी अर्ज करतोय. तुर्कस्तानातली एक छोटी यंत्रकंपनी सोबत आहे. त्यात दादाला घेता येईल का? त्याला पैसे मिळतील का? (आइंडहोवन)

उत्तर : घेता येईल. पैसे मिळणार नाहीत.

युरोस्टार्स ही युरेकाची योजना. युरेका म्हणजे 1985 साली सुरू झालेलं, संशोधनासाठी एकत्र आलेल्या देशांचं जाळं. युरोस्टार्स त्यातली खास छोट्या कंपन्यांसाठीची, युरोपीय संघाचाही तिला हातभार आहे. तुझ्यासारख्या चार जणांच्या कंपनीला पुढारीपण करता येतं, किंबहुना छोट्या कंपनीनेच ते करावं अशी तिची अट आहे. किमान दोन देशांतल्या दोन स्वतंत्र संस्था हव्यात, एका भागीदाराचा किंवा एका देशाचा वाटा सत्तर टक्क्यांवर जाता कामा नये, काम छत्तीस महिन्यांत संपलं पाहिजे. तुला पैसे देणार हॉलंडची सरकारी संस्था आरव्हीओ, तुर्कांना त्यांची ट्युबिटाक. भारत त्या देशांच्या यादीत नाही. बाहेरच्या देशातला भागीदार येऊ शकतो, पण स्वखर्चाने.

एक गोष्ट मात्र तू पत्रात लिहिली नाहीस, ती मी लिहिते. तुर्कस्तानात मनिसाच्या बाजूला द्राक्षं वाळवतात ऑगस्ट-सप्टेंबरात. तासगावचा बेदाणा फेब्रुवारी ते एप्रिल. छत्तीस महिन्यांत तुर्कस्तानात तुला तीन हंगाम मिळतात. तासगाव धरलंस तर सहा. यंत्रात चूक सापडली तर पुढच्या ऑगस्टची वाट न बघता फेब्रुवारीत दुरुस्त करून पाहता येईल. शिवाय आपल्याकडे डिपिंग ऑइलमध्ये बुडवून सावलीत जाळीवर टाकायची पद्धत, तिकडे बहुतेक उन्हात. हे अर्जात लिही. भाऊ आहे म्हणून घेतला असं वाटायला नको.

दादाचा खर्च कसा भागवायचा? एक म्हणजे तू त्याच्याकडून चाचणीची सेवा विकत घे, करार करून, बिल घेऊन. ते तुझ्या बजेटात परदेशी काम म्हणून बसतं का, आणि किती, हे आरव्हीओच्या माणसाला अर्जाआधी विचार. दुसरं, त्याचा भाग वेगळा काढून भारतातल्या योजनेत टाकता येतो, पण दोन योजनांच्या तारखा जुळवणं म्हणजे काय, ते वर इचलकरंजीच्या उत्तरात वाच. मी असते तर पहिलाच रस्ता धरला असता.

आणि भावाबहिणीत करार कसला, असं दादा म्हणेल. लेखी करच. शेडमध्ये आठ दिवस वाळत पडलेला माल चाचणीसाठी लावला आणि यंत्राने तो काळा केला, तर नुकसान कोणाचं? अवकाळी पावसात गेला तर? हे आधी ठरलेलं नसेल तर भाऊबीजेला कोणी बोलणार नाही.

तुर्की भागीदाराबद्दल एक धोक्याची खूण. त्याला मदत लिराच्या हिशेबात मिळते. ऑक्टोबर 2022 मध्ये तिथली अधिकृत महागाई 85 टक्क्यांवर होती. मंजूर झालेला आकडा तोच, पण त्यात पत्रा निम्मा येतो. मग तो भागीदार गप्प गप्प होतो, मेलला उत्तर देत नाही, आणि आपल्याला वाटतं त्याचा रस संपला. सहा महिन्यांनी एकदा थेट विचार, 'पुरतंय का?' म्हणून. आणखी एक : गुणांच्या यादीत प्रकल्प वर आला तरी एखाद्या देशाचं त्या वर्षीचं बजेट संपलं असेल तर सगळ्यांचाच अडतो. ते राष्ट्रीय कार्यालय अर्जाआधी सांगतं, फोन केला तर. साधारण वर्षातून दोनदा अर्ज घेतात, तेव्हा एक हुकला म्हणून रडायचं कारण नाही.

प्रश्न : आमचा काजूचा कारखाना आहे. एक एजंट आला आहे. जपान सरकारचं हरित अनुदान आहे, नवीन बॉयलरवर 35 टक्के माफ, फाइल चालवायला 60 हजार आगाऊ द्या म्हणतो. द्यावेत का? (कुडाळ)

उत्तर : नाही.

त्याच्या बोलण्यात सत्याचा कण एवढाच, की जपानची जायका आणि जर्मनीची केएफडब्ल्यू या सरकारी वित्तसंस्थांनी सिडबीला, म्हणजे छोट्या उद्योगांसाठीच्या आपल्या बँकेला, त्यांच्या वीजबचतीसाठी पैसे दिले होते. पण ते कर्जाचे पैसे. उद्योगाला मिळालं तेही कर्जच, बँकेच्या दारातून, व्याजासकट फेडायचं. शिवाय ते तयार यंत्र विकत घेण्यासाठी. तुम्ही काही नवं शोधून काढताय त्यासाठी नव्हे. सिडबीची आज कुठली योजना चालू आहे ते त्यांच्या शाखेत फुकट सांगतात. एजंटाला चहा द्या आणि त्याच्याकडचा जपान सरकारचा कागद मागा.

प्रश्न : मिरकरवाडा बंदरावरच्या फाटक्या नायलॉन जाळ्यांपासून फरशा बनवायचा प्रयत्न करतोय. इस्रायलबरोबर भारताचा चार कोटी डॉलरचा फंड आहे असं ऐकलं. तिथे अर्ज करू का? (रत्नागिरी)

उत्तर : ऐकलंत ते खरं आहे. 2017 च्या जुलैत जाहीर झालेला तो आयफोरएफ फंड, सुरुवातीला पाच वर्षांसाठी, दोन्ही देशांनी निम्मे निम्मे घालायचे असा. पण त्याचा भर शेती, पाणी, ऊर्जा, आरोग्य, माहिती तंत्रज्ञान यांवर. जाळ्यांच्या फरशा तिथे ओढूनताणून बसवाव्या लागतील, आणि ओढूनताणून बसवलेला अर्ज तपासणाऱ्याला लगेच कळतो.

तुमच्या विषयाला नेमकी लागू पडणारी जाहिरात मे 2025 मध्ये येऊन गेली : युरोपीय संघ आणि भारत मिळून, एक समुद्रातल्या प्लास्टिक कचऱ्यावर आणि एक कचऱ्यापासून हायड्रोजनवर. समुद्राचा भाग आपल्याकडे पृथ्वी विज्ञान मंत्रालयाकडे होता. ती मुदत गेली. त्या कामांत मोठमोठे संघ असतात, दहा-पंधरा संस्था, त्यामुळे एकट्याने दार ठोठावण्यापेक्षा अशा एखाद्या संस्थेचा हात धरून आत जाणं बरं. गोव्यात दोनापावलाची एनआयओ ही समुद्रविज्ञानाची संस्था तुम्हाला जवळ आहे. त्यांच्याकडे जाताना फरशी नेऊ नका, आकडे न्या : मिरकरवाड्यात महिन्याला किती किलो जाळी टाकून दिली जाते, त्यातली नायलॉन किती, दुसरं प्लास्टिक किती, मीठ आणि शिंपले धुवायला किती पाणी लागतं. हे मोजायला योजना लागत नाही, एक ताणकाटा आणि तीन महिने लागतात. संस्थेकडे प्रयोगशाळा असते, पण रोज पहाटे बंदरावर उभं राहून मोजणारा माणूस नसतो. तो तुम्ही आहात, आणि त्याच जोरावर ते तुम्हाला आत घेतील.

जाळ्याचा तुकडा पाकिटात घालून पाठवलात, मिळाला. पुढच्या वेळी धुऊन, वाळवून पाठवा. आमची मांजर दोन दिवस तुमच्या पत्रावरून हललेली नाही.